हिरवी खूण

(ताईचं स्वयंपाकघर, दुपारची वेळ. टेबलावर धाकट्या बहिणीचा जुना फोन आणि ताईनं आणलेला नवा.)

धाकटी: तेवढं एक नको पुसूस. मदतकेंद्रातल्या बाई त्याच्यावरच बोलतात माझ्याशी.

ताई: कुठून तरी उतरवलेलं ॲप. ना मान्यता, ना शिक्का. नवऱ्याच्या तावडीतून सुटलीस आणि फोनमध्ये सतरा दारं उघडी ठेवलीस.

धाकटी: त्या म्हणाल्या, यातून कुणाला माग लागत नाही.

ताई: चोरही तेच म्हणतो. आमच्या ऑफिसात असलं ॲप सापडलं, तर सगळ्यांसमोर उभं करतात.

धाकटी: ऑफिसात तुला कुणी शोधत येत नाही, ताई.

ताई: म्हणून तर हा नवा फोन. सगळी हिरव्या खुणेची, मान्यता असलेली ॲप. बाहेरचं काही शिरणारच नाही. हं, जुना पुसला. आता निवांत बस. काल मी त्याला फोनवर ठणकावून सांगितलंय, ती इथं नाही म्हणून. पटलं त्याला.

धाकटी: हा चालू कसा झाला? मी तर नावही घातलं नाही.

ताई: माझ्या खात्यावर केला. तुझं नाव कुठंच नको. फक्त फोन ओळखू यावा म्हणून मघाशी तुझा फोटो काढून लावला, तेवढाच. माझी सगळी ॲप आपोआप आली बघ यात.

धाकटी: हे घराचं चित्र कसलं?

ताई: कुटुंब-सुरक्षा. हिरवी खूण आहे की. आईच्या ऑपरेशनच्या वेळी घेतलेलं, कोण कुठं पोचलं ते कळायला.

धाकटी: घालून कुणी दिलं होतं?

ताई: तुझ्या नवऱ्यानंच. तेव्हा किती धावपळ केली होती त्यानं.

धाकटी: अजून आहे तो यात?

ताई: असेल. मी उघडलंच नाही नंतर.

धाकटी: इथं लिहिलंय, ‘नवीन सदस्य जोडला’. खाली तुझा पत्ता. वर माझा फोटो.

ताई: बघू. मघाचाच फोटो हा.

धाकटी: हे कुणाकुणाला जातं?

ताई: सगळ्यांना.

धाकटी: सगळ्यांना म्हणजे?

ताई: मला. आईला. आणि त्याला. अगं, माझ्या हातानं केलं मी हे.

धाकटी: रडू नकोस आता. त्याला काढ यातून.

ताई: निघत नाहीये. ज्यानं गट केला त्यालाच काढता येतं, म्हणतंय.

धाकटी: मग आपल्यालाही तो दिसत असेल. नकाशा उघड.

ताई: उघडला. हा त्याचा ठिपका.

धाकटी: घरी आहे?

ताई: नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी.

धाकटी: हलतोय?

ताई: आता थांबला. तू खिडकीपाशी जाऊ नकोस.