भिंतीतली वायर

भाची : भिंत बंद करायची नाही म्हणजे नाही, मामा!

मामा : तू कोण सांगणार? ठेका माझ्या नावावर आहे. पंचवीस वर्षं वायरिंग करतोय मी.

भाची : म्हणून तर जास्त राग येतोय. हे टोक ब्लेडनं खरवडलंय, बघा. वर तांब्याचा रंग, आत पांढरं. चक्क ॲल्युमिनियम!

मामा : खोक्यावर कॅट-सिक्स छापलंय, म्हणजे नेटवर्कची तांब्याचीच वायर.

भाची : छापायला काय जातंय त्यांचं?

मामा : टेस्टरवर आठही दिवे हिरवे लागले ना?

भाची : आठ तारा जोडल्यात, एवढंच कळतं त्याला. इथे वॉर्ड होणार आहे मामा, गोदाम नाही. खाटेजवळच्या मॉनिटरचे आकडे ह्याच वायरीतून सिस्टरच्या टेबलावर जाणार. हे ॲल्युमिनियम टोकाला मोडतं. ऐन वेळी आकडे पोचलेच नाहीत तर?

मामा : अस्सल तांब्याची वायर यायला आठवडा लागत होता. मी उद्याची तारीख देऊन बसलोय. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

भाची : तुमच्या शब्दापायी कुणाचा जीव टांगणीला लावायचा?

मामा : पक्कड कशी धरायची ते मी शिकवलं तुला. आता मलाच अक्कल शिकवतेस?

भाची : हो, शिकवते!

मामा : बास झालं. प्लास्टरवाले निघालेत.

भाची : येऊ द्या. अठराही वायरी मी मधोमध कापल्यात.

मामा : काय?

भाची : तुम्ही जेवायला गेलात तेव्हा.

मामा : डोकं फिरलंय का तुझं? अगं, सिस्टर येतायत! एक अक्षर बोललीस तर उद्यापासून माझ्या कामावर पाऊल टाकायचं नाही. भाचीबिची काही बघणार नाही मी.

सिस्टर : काय हो, आज भिंत बंद होतेय ना? उद्या सहा खाटा भरायच्यात मला.

भाची : नाही होणार, सिस्टर. आत चुकीची वायर गेलीय. सगळी काढावी लागेल.

सिस्टर : अगं बाई! कुणी घातली?

भाची : आम्ही.

सिस्टर : मग आता किती दिवस?

भाची : मामांना विचारा. मी उद्यापासून कामावर नाही.

मामा : वायर यायला आठवडा. ओढायला दोन दिवस.

(भाचीकडे बोट करून)

ही असली तर.