पस्तीस पूर्ण

सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या सरकारी फ्लॅट-अर्जाच्या रांगेत माझ्यापुढे दोन मैत्रिणी आणि एकीची आई.

“गार्गी, आयसी, ओळखपत्र घेतलंस?”

“घेतलं, आई. आज पस्तीस पूर्ण.”

“हळू बोल. मावशीला मी एकतीस सांगितलंय.”

“का?”

“स्थळं यायची ना.”

“लग्न झालेल्यांना पंचविशीत फ्लॅट मिळतो. राधिका आणि मी दहा वर्षं एकत्र आहोत, तरी कायद्याला दोघी एकट्याच. पस्तिशीपर्यंत अर्जसुद्धा करता येत नाही.”

“राधिका, तुझं वय?”

“माझी मार्चमध्येच झाली, काकू. हिच्यासाठी थांबले होते.”

काउंटरवरच्या बाईंनी वयं विचारली.

“दोघींची पस्तीस पूर्ण,” आईच बोलली, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी.

“आई, मावशी?”

“तिलाही आजच कळवते. गृहप्रवेशाला यायचंय तिला.”