आधाराची काठी

रोपवाटिकेच्या रांगेत शिंपीणबाई गुलाबाची कुंडी सांभाळत ताटकळल्या होत्या. पुढच्या भावा-बहिणीने माळ्यासमोर एक हिरवी डहाळी ठेवली.

“आमच्या सफरचंदाला फळ का धरत नाही हो?” बहिणीने विचारलं.

“कसं धरेल, ताई? हे विलोचं झाड आहे. पान अरुंद, टोकदार, मागून फिकट. फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबतात ना?”

“लोंबतात. आम्हाला वाटलं, पाणी जास्त होतंय.”

“अहो, काहीतरीच काय!” भाऊ उसळला. “आई गेली तेव्हा तिच्या नावाने सफरचंदच लावलं होतं. खड्डा मीच खणला.”

“आधाराला काठी रोवली होती?”

“हो, तळ्याकाठच्या झाडाची ओली फांदी.”

“मग रोप मेलं आणि काठीने मूळ धरलं. विलोची फांदी ओलीत कुठेही खुपसा, जगते.”

“म्हणजे दादा, इतकी वर्षं आपण काठीला पाणी घालतोय?”

“हातही जोडतोय.”

“मी तर तिथे बसून आईशी मनातलं सगळं बोलते रे! आता काय, तोडायचं?”

“वेडी आहेस का? आईला तरी कुठे झाडं ओळखता यायची!”