सोड्यांच्या डब्याच्या तळाशी

हॅलो?… हॅलो!… कोण बोलतंय?

कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, नुसती खरखर ऐकू येतेय… कोण, कोकिळा?

कोकिळे! अगं काय झालं? घरची सगळी बरी हायत ना? पोरं?… नवरा?…

मग ट्रंक कॉल कशाला केलास, मेले! काळजाचं पाणी झालं माझ्या. मोरू पोस्टमन ओरडत आला बंदरावर, ‘केसरवहिनी, मुंबईवरून फोन, तुमच्याच नावाचा!’ तशी धावत सुटले. जाळं शिवायची सुई अजून हातातच हाय बघ. आत्याबाय पण आल्यात मागोमाग… व्हय गं, सासू. बाकड्यावर बसल्यात, धाप लागलीय त्यांना. आत्याबाय, कोकिळा हाय, आपल्या शेजारची, मुंबईला दिलेली. कुणी मेलं न्हाय. बसा निवांत.

हां, बोल… कुठून बोलतेस?

प्रकाशकाच्या हापिसातून?… आता?…

थांब जरा. दम घेऊ दे मला.

…हां. बोल. वह्या दिल्या का त्यांनी परत?

‘ऐक ना’ काय, तूच ऐक. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं मी तुला. जायचं, सातही वह्या मागायच्या, पिशवीत घालायच्या नि निघायचं. परवा नारळी पुनव. पुनवेपर्यंत उत्तर आलं न्हाय तर लिहिणं बंद, असं देवापुढं बोललेय मी. सतरा महिने झाले, कोकिळे! गेल्या सालच्या शिमग्याला तुझ्याबरोबर लाँचनं कादंबरी धाडली, त्याला सतरा महिने! दर महिन्याला कार्ड टाकते, एकाचं उत्तर न्हाय. माणगावची टपालाची मोटार आली की मी पोस्टाच्या पायरीवर हजर. हा मोरू बिचारा मला बघून सायकल वळवायला लागला, मागच्या आळीतून जायला लागला… हसू नको. विचार त्याला, इथंच उभा हाय.

शेवटी आत्याबायच म्हणाल्या, वाट बघायची तर तारीख लावून बघ, माझ्यासारखी होऊ नको… व्हय. त्याच म्हणाल्या.

काय?… काय म्हणालीस?

मिळालीच न्हाय? त्यांना मिळालीच न्हाय म्हणजे काय? म्हणून माझ्या कार्डांनाही उत्तर न्हाय?

कोकिळे, तू डबा दिलास ना त्यांच्याकडे? डालडाचा मोठा डबा, वरती सुक्या कोळंबीचे सोडे, तळाला मेणकापडात बांधलेल्या वह्या… दिलास ना?… दाराशी? कुणाच्या हातात?… आणि काय बोललीस देताना?

एवढंच?… ‘श्रीवर्धनवरून पाठवलंय’… नि आलीस निघून?

आणि खाली कादंबरी हाय हे कोण सांगणार होतं, ते सोडे?

हां… हां, मीच बोलले होते कुणाला सांगू नको म्हणून. अगं पण ते कोळीवाड्यात! प्रकाशकालासुद्धा सांगू नको, असं बोलले होते का मी?… काय बाय तरी तुझी अक्कल!

बरं, बरं, रडू नको. माझीही चूक. चिठ्ठी वर ठेवायची ती मी पहिल्या वहीत ठेवली. पण कुणाच्या दारी पहिल्यांदा जायचं तर मोकळ्या हातानं कसं जायचं, तूच सांग. म्हटलं आधी सोडे दिसू देत, माणूस खूश होईल, मग बसेल वाचायला…

चालत न्हाय? मासळी चालतच न्हाय त्यांच्यात?… अरे देवा! झाकण उघडलं नि… नाकाला धोतराचा सोगा… ‘आधी हे बाहेर काढा’…

पोस्टमास्तर, तुम्ही हसू नका हो. माझा जीव जातोय इथं.

मग डबा गेला कुठं? टाकला?… खरं सांग, टाकला का?

रघू? रघू कोण?

छापखान्यात खिळे जुळवणारा… माणगावचा. तो घेऊन गेला खोलीवर? बरं केलंन! माणगावचा माणूस सोडे टाकील कसा!

पावसाळ्यासाठी राखून ठेवला… हां, आगोटीचा म्हणून… गेल्या पावसाळ्यात अर्धा संपला… नि या पावसाळ्यात उरलेला. व्हय, बरोबर हाय. सोडे काय मूठमूठ खातात? चार टाकले की कालवण होतं.

आषाढात तळ लागला…

आणि मेणकापड हाताला लागलं.

…न्हाय, हाय मी. हाय इथंच. बोल तू.

त्यानं वाचली? सगळी?… छापखान्यात आणली… जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचायला लागला… रोज थोडी थोडी… मग?

घंटा झाली तरी कुणी उठलंच न्हाय? मशीन बंद?… नि प्रकाशक ओरडायला आले. येणारच… आणि?… दारातच उभे राहिले?… किती वेळ?… ते प्रकरण संपेपर्यंत?

कोकिळे, थट्टा करत असशील तर आताच सांग बाय. सगळं पोस्ट माझ्या तोंडाकडे बघतंय… शपथ? तुझ्या धाकट्याची?… कालच वाचून संपवली त्यांनी… आज पत्र टाकणार होते…

छापतायत?

आत्याबाय! छापतायत! माझी कादंबरी छापतायत हो! काय रे मोरू, सायकल वळवायचास ना मला बघून? आता वळव बघू कुठं वळवतोस ती!

हॅलो, हॅलो… ओ ऑपरेटरबाय, तोडू नका! तीन मिनिटं झाली तर अजून तीन घ्या, सहा घ्या! आता कुठं माझं सुरू झालंय!

रडत न्हाय गं… बरं, रडतेय. सतरा महिन्यांचं साठलंय, एवढं तर येणारच.

कोण बोलणार?… ते स्वतः? माझ्याशी? अगं थांब, पदर तरी नीट घेऊ दे…

नमस्कार… नमस्कार साहेब… व्हय, मीच केसर.

न्हाय हो, शाळा सातवीपर्यंतच. पण कोळीवाड्यातली सगळी पत्रं मी लिहून देते. मुंबईला नोकरीवर गेलेत ना, त्यांना. बायका सांगतात, मी लिहिते. चौदा वर्षं झाली. बायका कशा बोलतात, कुठं थांबतात, ते तिथनंच शिकले…

माफी तुम्ही कसली मागता साहेब, मीच मागायची. तुमच्या हापिसात वास… अजून येतो? वह्यांना?… हां, तो आता जायचा न्हाय.

पूर्ण नाव?… पुस्तकावर घालायला?… केसर… मधलं मी घेत न्हाय… अहो म्हणजे, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हायत बायका. मास्तर, तुम्ही सांगा ना… बघा, हसतायत नुसते. बरं, मीच सांगते. पुस्तकावर यायचं तर तोंडात आलं म्हणून काय बिघडलं! लिहा. केसर तुळशीराम चोगले. मुक्काम श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा… घेतलं बाय. आत्याबाय, घेतलं तुमच्या पोराचं नाव. काय झालं न्हाय बघा, छप्पर हाय जागेवर.

हं… बोला साहेब…

शेवट?

शेवट कसा बदलायचा?

हं… तिचा माणूस, तो तांडेल, परत आणायचा… होडी किनाऱ्याला लागली, ती धावत गेली… हं. वाचणाऱ्याला बरं वाटेल. व्हय, बरं तर वाटेलच…

आणि न्हाय बदलला तर?… ‘विचार करावा लागेल’ म्हणजे? छापणार न्हाय?

…

साहेब, तुमच्या एका ओळीसाठी सतरा महिने झुरले मी. खोटं कशाला बोलू, कालपर्यंत तुम्ही म्हणाला असता सगळी पुन्हा लिही, तरी लिहिली असती. पण ही गोष्ट माझ्या एकटीची न्हाय. जिची हाय ती इथं बाकड्यावर बसलीय. तिला विचारते. फोन ठेवू नका हां.

आत्याबाय… इकडं बघा. मी एक केलंय, तुम्हाला सांगितलं न्हाय. कादंबरीत एक गोदू हाय, तिचा माणूस पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होडी घेऊन जातो नि येत न्हाय. बावीस वर्षं ती हातातला चुडा उतरवत न्हाय… मामंजींचं हाय ते. तुमचं हाय. रागवा पाहिजे तर, पण घरी गेल्यावर रागवा.

ठाऊक हाय? कसं ठाऊक?

मी लिहिताना तोंडानं बोलते?… कुडापल्याडून?… सगळी ऐकलीत? सातही वह्या?

मग एवढे दिवस गप्प कशा बसलात हो तुम्ही!… हं… ‘तू थांबशील म्हणून’…

बरं. आता ऐका. हे साहेब म्हणतायत, शेवटी माणूस परत आणू या. मग छापतील. काय करू? आणू?

…

हॅलो, साहेब? हायत ना तुम्ही?… ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. म्हणाली, ‘आला असं लिहू नको. गेला असंही लिहू नको. बाय वाट बघतेय ना, मग बघू दे तिला.’

न्हाय, एवढंच… रागावली न्हाय. चुडा सारखा करून बसलीय.

तेव्हा शेवट हाय तसा राहील साहेब. पटलं तर छापा, न्हायतर वह्या द्या त्या कोकिळेच्या पिशवीत… व्हय, विचार केलाय. आवाज कापतोय तर कापू दे, बोलणं तेच हाय.

हॅलो?… हॅलो?

मास्तर, तुटला का हो?… न्हाय, कुणीतरी खाकरतंय तिकडं… साहेब?

…काय?

परत बोला. मोठ्यानं बोला जरा, मी फोन असा धरते, सगळ्यांना ऐकू दे.

ऐकलंत? आत्याबाय, ऐकलंत? ‘एक अक्षर बदलणार नाही!’ एक अक्षर न्हाय! दिवाळीला पुस्तक! मोरू, पळ बंदरावर, तुळशीरामाला सांग… हां, घेतलं परत, आता सवयच लागली… सांग त्याला, होडीला रंग मारतोयस तो राहू दे, हात तसेच घेऊन ये म्हणावं!

व्हय साहेब, इथं टाळ्या पडतायत. तिकिटं घ्यायला आलेली माणसंपण वाजवतायत.

अं?… दुसरं?… दुसरं काही लिहिलंय का?…

म्हणजे, तसं बघायला गेलं तर… आत्याबाय, तुम्ही जरा तिकडं बघा… लिहिलंय. व्हय. सहा वह्या झाल्यात. सतरा महिने नुसतं पायरीवर बसून काय करणार माणूस? कार्ड टाकलं की घरी येऊन तेच करायचे. हात गप्प बसू देत न्हायत… आत्याबाय, असं बघू नका. देवाशी खोटं बोलले न्हाय मी. पुनवेपासून बंद म्हटलं होतं, नि पुनव परवा हाय!

काय म्हणता?… तीही ऐकलीय?

साहेब, आमच्या घराच्या कुडाला नुसते कानच हायत.

व्हय… व्हय… धाडते. पावसात बंद असलेली लाँच सुरू झाली की लगेच धाडते… नमस्कार. लई उपकार… बरं, उपकार न्हाय म्हणत. नमस्कार.

हॅलो, कोकिळे?… अगं ऐक ना, वेळ संपत आला, ती बाय मधे मधे बोलतेय. पुनवेचा नारळ तुझ्या नावाचापण सोडते दर्यात… हो गं, शिव्या दिल्या त्या परत घेते. अर्ध्या घेते. नि त्या रघूला सांग, नवा डबा येतोय, सोडे सगळे त्याचे… हो, हो, पण या वेळी वह्या वर नि सोडे तळाला! कळलं? वह्या वर… हॅलो?… कोकिळे?… हॅलो?

तुटला.

तुटू दे. सांगायचं ते सांगून झालं. मास्तर, घ्या तुमचा फोन… चला आत्याबाय, उठा, हात द्या… काय?… त्या दुसरीचा शेवट?

न्हाय, तो लिहायचा हाय अजून. आज बसते लिहायला. पण आज तुम्ही कुडाच्या अलीकडे येऊन बसा.