डॉक्टर म्हणाले टाळ

मुरबाडच्या दवाखान्यात तपासून झाल्यावर एक मुलगी आणि तिची आत्या माझ्या शेजारी बाकावर टेकल्या.

"भूमिका, डॉक्टर काय म्हनले गो? मला 'टाळ' येवढंच आयकू आलं. देवाचा मानूस दिसतो!"

"आत्या, रोज जीव तोडून धावणं टाळ, म्हणाले! त्यानं शरीरावर ताण येतो, आजाराशी लढायची ताकद कमी होते. म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा ताप."

"मंग धावायचंच नाय? वनरक्षकाची भरती तर पुढल्या महिन्यात!"

"ताप उतरला की धावायचं, पण हळू. धावता धावता बोलता आलं पाहिजे. जोरात आठवड्यातून एकदाच."

"अगो, कीर्तनात बुवा तरी पयल्यापासून गजर करतात काय? आधी सावकाश, मंग चढवतात. तू धावताना हरिपाठ म्हन. शब्द तुटला का समज, पाय चुकला."

"लोक हसतील."

"हसू दे. मी सायकलवर मागून टाळ वाजवत येते."

"दोन्ही हात सोडून?"

"...बरं, मी बांधावर बसून वाजवीन."

"आणि भरतीच्या दिवशी?"

"त्या दिवशी गजर!"