अंगावर शिवलेला गाऊन

हॅलो?… हो ताई, मीच. तुझ्या लेकीचा फोन माझ्याकडे आहे… ठमी आत आहे. आत म्हणजे मेकअपरूममध्ये नाही, दवाखान्यात… हो, हो… अगं ऐक ना. स्टेजच्या जिन्यात कोसळली. आयोजकांच्या गाडीतून आणली. तुला किती फोन केले मी. उचलशील तर ना.

नाही, साधी चक्कर नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तातले क्षार पार उतरलेत, हृदयाचे ठोके चुकतायत… ग्लुकोज लावून काय करू? गाडीत घालून परत आणू? गाऊनची फेरी नंतर आहे ते मला माहीत आहे, ताई… सांगितलं मी त्यांना. हो, तू कोण आहेस तेही सांगितलं. तू कधी काळी मुकुट घातला होतास म्हणून इथे कुणी पटापट चालत नाही.

तू आत्ता हसतेयस ना? मला आवाजात कळतं. परीक्षक समोर बसलेत म्हणून गालावरची घडी मोडू देत नाहीस. कमाल आहे बाई तुझी… हस, हस. पण उठ आणि ये. पटकन ये.

काय?… गाऊन?

गाऊन कापला.

मी कापला. माझ्याच कात्रीनं… अगं, छातीला वायरी लावायच्या होत्या, आणि ती नर्स बिचारी पाठीवर चेन शोधतेय. चेन असेल तर सापडेल. तू सकाळी तिला त्यात उभी करून अंगावरच शिवलास… करतात, माहीत आहे मला सगळे करतात, मी काय भाजी विकते का? शेवटच्या दिवशी अंगावर टाचतो आपण, पण वर जायच्या आधी, अर्ध्या तासासाठी. तू सकाळी शिवलास आणि संध्याकाळपर्यंत पोरगी त्यात. बसता येईना, बाथरूमला जाता येईना, म्हणून पाणीच प्यायली नाही. नाही, मी नाही म्हणत, ती मेकअपवाली सांगत होती. कापसाची कांडी ओली करून फिरवत होती म्हणे ओठांवर.

हो… हो, सैल होता. तो मीच सैल केला होता. परवा, तुला न सांगता… कशाला म्हणजे? तिला वाटावं की झालं, उतरलं वजन, आता दोन घास खाल्ले तर चालतील. आणि तू तोच गाऊन बघून समजलीस की ती अजून उतरली, म्हणून घेतलास आवळून. वा. मी उसवायचं आणि तू शिवायचं. मध्ये ती.

मला नको सांगू कंबर. ताई, तू तिची पाठ शेवटची कधी बघितलीस? उघडी पाठ?… लव आलीय तिच्या पाठीवर. बारीक, तान्ह्या बाळाच्या असते तशी. उपाशी शरीर ऊब धरायला बघतं, म्हणून येते म्हणे. तू शिवताना बघितली असशीलच… पावडर लावलीस वरून?… बरं.

दातांना अजून व्हॅसलीन आहे. ओठ चिकटू नयेत, हसू टिकावं म्हणून. नळी घालायच्या आधी पुसत होती नर्स, सारखी निसटत होती तिची बोटं.

नाही, मी जळत नाही तुझ्यावर. जळायचं वय गेलं माझं… आईचं नको काढू. आईच्या वेळी साबणवाल्या कंपनीच्या स्पर्धेत पोरींच्या तोंडावर पडदा टाकून नुसते पाय बघितले होते. आई काय म्हणायची? गुरांच्या बाजारात निदान दात तरी बघतात. तुझ्या वेळी स्टेजवरच टेप लावून आकडे पुकारले, तू घरी येऊन पालथी पडून रडलीस. आता म्हणे आकडे विचारत नाहीत, आता मनाचं सौंदर्य. मग माझ्या दुकानात सगळ्या पोरी एकाच मापाच्या कशा येतात गं?

हो, बोल… कसला आवाज तो? तिचा नंबर पुकारला?… मग सांग की, मुलगी आजारी आहे, येणार नाही… कोण बोलावतंय? तुला? स्टेजवर तू कशाला?… अगं, माजी विजेती म्हणून चार शब्द वगैरे काही नाही, तू दाराकडे वळ. ताई. दाराकडे… ताई?

फोन खुर्चीवर ठेवून गेली वाटतं.

ताई, ऐकू येतंय का… टाळ्या वाजतायत. अगं, हात हलवणं पुरे, खाली उतर… कोण, डॉक्टर? हो, इथेच आहे मी… नाही, मी मावशी. आई येतेय… आई स्टेजवर आहे, डॉक्टर. काय झालं ते मलाच सांगा.

…

कधी?… आत्ता?

…

बरं.

…

हो ताई, आहे मी फोनवर… ऐकल्या, खूप वाजल्या टाळ्या… उभे राहिले सगळे? बरं झालं… काय बोललीस? लवकरच बरी होऊन परत येईल म्हणालीस… हं.

नाही, रागावले नाही… निघालीस? दाराशी आलीस?

ताई, पायात उंच टाचा आहेत ना तुझ्या. कठडा धर… हो. सावकाश उतर. सावकाश ये.

नाही गं. आता घाई नाही.