खोबरेल लावलेली गाडी

ईद होऊन बारा दिवस झाले होते, दुपारचे साडेतीन वाजले होते, तेव्हा रिसॉर्टच्या माणसाने आमची गाडी बघितली आणि नको म्हणाला. गाडी तीन वर्षांची. चालली होती सहा हजार किलोमीटरसुद्धा नाही. माझ्या मुलीचे, सानियाचे पप्पा तिथेच उभे होते, मी मागच्या दाराजवळ. त्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मी जुबेदा. जन्म मुरुडचा, सासर मुरुडचंच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. वडिलांची होडी होती, आता भाऊ चालवतात. लग्न झालं आणि सातव्या महिन्यात हे आखातात गेले, एका अरबाच्या घरी ड्रायव्हर म्हणून. चौदा वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा महिनाभर येतात. सानिया अकरा वर्षांची आहे, आता तुम्हीच हिशोब करा, तिने बापाला किती बघितलं असेल ते. लहान होती तेव्हा हे आले की ती माझ्या मागे लपायची आणि विचारायची, हे पाहुणे कधी जाणार.

तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा यांनी गाडी घेतली. सात माणसांची, रंग काळसर निळा. मी म्हटलं सफेद घ्या, तर म्हणाले सफेद टॅक्सीसारखी दिसते. बेत असा होता की मधली सुट्टी न घेता आणखी तीन वर्षं तिकडे काढायची, मग कायमचं घरी यायचं आणि गाडी अलिबागकडच्या एका रिसॉर्टला लावायची. मांडव्याला बोटीने येणारे पाहुणे घ्यायचे, रिसॉर्टवर सोडायचे, परत पोचवायचे. रोज संध्याकाळी घरी. त्या रिसॉर्टवर यांच्या ओळखीचा एक जण होता, तो म्हणाला की जागा देऊ, पण गाडी नव्यासारखी पाहिजे, आमचे पाहुणे मोठे लोक असतात. हे म्हणाले, नव्यासारखीच राहील, जुबेदा घरात आहे ना.

काय सांगू तुम्हाला, ते एक वाक्य मी तीन वर्षं डोक्यावर घेऊन फिरले.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. स्कूटर आली तरी समोरच्याने उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. म्हणून पहिल्यांदा गाडी चुलतसासऱ्यांच्या नारळाच्या वाडीत लावली, चांगली गार सावली. आठ दिवस झाले नाहीत तर शेजारच्या झाडाचा नारळ पडला, आमच्या गाडीपासून दोन हातांवर, महमूदचाचांच्या रिक्षाचा टप फाडून आत सीटवर गेला. महमूदचाचा आमचे शेजारी, रिक्षा चालवतात. मी फोन केला तर हे तिकडून ओरडले, आत्ताच्या आत्ता गाडी बाहेर काढ. मला गाडी येत नाही. महमूदचाचांनीच ती काढली आणि खाडीकडच्या मैदानात लावली, जिथे कोळणी बोंबील वाळवतात. आता तुम्हीच बघा, ज्या जागेवर ऊन सगळ्यात जास्त म्हणून बायका मासळी वाळवायला येतात, त्याच जागेवर आम्ही गाडी उभी केली. पण दुसरी जागाच नव्हती.

यांनी जाण्याआधी सगळं शिकवलं होतं. चंदेरी कव्हर आणलं होतं, काचेला लावायचा पडदा आणला होता आणि आतल्या डॅशबोर्डला लावायची एक बाटली. महिन्यातून एकदा, थेंबभर, मऊ कपड्याने, असं म्हणाले होते. मी दर जुम्म्याला लावायची. वाटलं, जास्त लावलं तर जास्त टिकेल. दर जुम्म्याला नमाजानंतर महमूदचाचा येऊन गाडी चालू करायचे, दहा मिनिटं इंजिन फिरवायचे आणि मी बादली घेऊन धुवायची. पाणी आमच्या विहिरीचं, मचूळ. धुतली की उन्हातच सुकायची आणि अंगभर पांढरे ठिपके राहायचे, ते मी ओढणीने घासायची.

दोन महिन्यांत बाटली संपली. यांना सांगायची लाज वाटली. बाटलीवर सगळं अरबीत लिहिलेलं. मी कुराण वाचते, अक्षर न् अक्षर लागतं मला, पण अर्थ कुठे कळतो. झाकण उघडून वास घेतला तर नारळाचा. बाटली सासूबाईंना दिली. त्यांनी तळाचा थेंब बोटावर घेतला, चोळला, म्हणाल्या, अगो हे आपलंच तेल हाय, तिकडं बाटलीत भरून इकतात. आमच्या घरी तेलाला काय तोटा, वाडीतल्या नारळांचं दर वर्षी काढतो. केसांना तेच, दाराच्या लाकडाला तेच, भावाच्या होडीतल्या हत्यारांना गंज चढू नये म्हणून तेच. मी वाटी भरून नेली आणि डॅशबोर्डला लावलं.

आणि काय चमकलं ते! फोनवर यांना दाखवलं तर म्हणाले, माशाल्ला, शोरूममधून काढल्यासारखी ठेवलीस. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वेळा जेवले असेन.

पहिल्याच उन्हाळ्यात चंदेरी कव्हरचा भुगा झाला. हात लावला की राख निघाल्यासारखं निघायचं. मी भावाकडून होडीवरची जुनी ताडपत्री आणली. भावाने होडीची गाठ मारून दिली, म्हणाला, वादळ आलं तरी हलणार नाही. हलली नाही, पण दिवसभर वाऱ्याने फडफडायची. खाडीचा वारा, त्यात रेती, त्यात ताडपत्रीत मुरलेलं वर्षानुवर्षांचं मीठ. वाळूच्या कागदाने कोणी रोज गाडी घासावी तसं चाललं होतं आणि मी घरी बसून समाधानाने चहा पीत होते की गाडी झाकलेली आहे.

एका जुम्म्याला ताडपत्री काढली तर बॉनेट मळकट दिसलं. चमक गेलेली. मी काय केलं असेल? तेल लावलं. बॉनेटला, टपाला, दारांना. लावलं की चमकायचं, चार दिवसांनी परत तसंच, की परत लावायचं. झाकलेल्या गाडीत दुपारी हात घालवत नव्हता इतकी आग, आणि त्या आगीत ते तेल शिजत होतं. सीटवर मी गोधड्या घातल्या होत्या, काचांना आतून पुठ्ठे लावले होते. दार उघडलं की खवट वास यायचा. मला वाटायचं शेजारच्या बोंबलांचा असेल.

दुसऱ्या वर्षी महमूदचाचांनी गाडी चालू केली आणि उतरले नाहीत. म्हणाले, भाबी, इकडे या. त्यांनी डॅशबोर्डवर बोट ठेवलं, ते चिकटलं. काचेच्या कडेला डॅशबोर्डलाच वीतभर चीर गेली होती. मग बाहेर येऊन बॉनेटवर नख लावलं, तर वरचा चकचकीत थर निघून आला, जिताड्याचे खवले निघावेत तसा. म्हणाले, भाबी, गाडी धुताय की तळताय? हसले, मग माझं तोंड बघितलं. म्हणाले, इक्बालला फोन करून सांगा. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला सानियाची शपथ, तुम्ही सांगू नका.

तेव्हापासून मला झोप नव्हती. अलिबागच्या एका रंगाऱ्याला दाखवलं, तो म्हणाला रंग होईल, पण मालक कुठे आहे, मालकाशी बोलतो. मालकाशी बोलू देणं तेवढंच मला जमणार नव्हतं. मग सासूबाई म्हणाल्या, सावली कर. आम्ही दोघींनी झावळ्यांची झापं विणली, आठ दिवस हातांना चिरा पडल्या, भावाने बांबू रोवले आणि गाडीवर मांडव घातला. खाली उभं राहिलं की गार वाटायचं. मी तिथेच बसून रडले, की हे मला पहिल्या दिवशी का सुचलं नाही.

चौथ्या दिवशी कोळणी आल्या. हिराबाई सगळ्यांत मोठी, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, अगो जुबेदा, तुझ्या गाडीला सावली आनि आमच्या बोंबलाला अंधार, ह्यो कुठला न्याय? दुपारनंतर मांडवाची सावली त्यांच्या बोंबील टांगायच्या दांड्यांवर पडायची, बोंबील ओले राहायचे, दोन दांड्यांना किडे लागले होते. मी म्हटलं, हिरामावशी, माझ्या घरवाल्याचं सगळं या गाडीवर आहे. ती म्हणाली, आनि माझं कशावर हाय, विमानावर? दुसऱ्या बायका हसल्या. मग ती जवळ येऊन हळू म्हणाली, पोरी, मैदान आमचंच हाय गो, तुला उभी करू दिली, त्येवढं खूप झालं. खोटं काहीच नव्हतं तिचं. संध्याकाळी मी आणि सासूबाईंनी मांडव उतरवला.

यांचा फोन यायचा, गाडी दाखव. मी मावळतीला जायची, डावीकडून दाखवायची, ती बाजू बरी होती. हे म्हणायचे, टप दाखव ना. मी म्हणायची, नेटवर्क जातंय, आणि बंद करायची. एकदा सानियाने विचारलं, अम्मी, नेटवर्क तर आहे, तू खोटं का बोलतेस? मी तिला मारलं. पहिल्यांदा मारलं.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात हे आले, तिकडचं सगळं सोडून. बॅग घरात ठेवली आणि मैदानात गेले. मी मागोमाग. भावाची गाठ त्यांना सुटेना, मीच सोडली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडलं, परत लावलं. मी सगळं सांगितलं, बाटली, वास, वाटी, तेल, सगळं. म्हणाले, डोक्याला लावतात ते? मी म्हटलं हो. त्यांनी ताडपत्रीची घडी घातली, मग म्हणाले, एकदा विचारायचं होतंस. तिकडून मी सांगितलं असतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ईद सोडून रोज त्यांनी गाडीवर काम केलं. रंगाऱ्याकडे नेऊन बॉनेट आणि टप रंगवलं. सीट धुतल्या, डॅशबोर्ड गरम पाण्याने, साबणाने, ब्रशने. चिरेवर काळी पट्टी लावली. मी पाच वेळच्या नमाजात एकच मागत होते. गाडी बाहेरून खरंच बरी दिसत होती. मग आम्ही दोघं ती घेऊन रिसॉर्टवर गेलो.

त्या माणसाने रंगाला काही म्हटलं नाही. आत बसला, काचा बंद केल्या, एसी लावला. एका मिनिटात बाहेर आला. म्हणाला, वास येतो. हे म्हणाले, आठ दिवस द्या, सगळं आतलं बदलतो. तो म्हणाला, सीझन सुरू झालाय भाऊ, माझ्याकडे सहा गाड्या रांगेत आहेत. मी पुढे होऊन म्हटलं, दादा, चूक माझी आहे, यांची नाही, यांना चौदा वर्षांचा अनुभव आहे, यांना दुसरी गाडी चालवायला द्या. तो म्हणाला, ताई, आम्ही ड्रायव्हर ठेवत नाही, गाडी ठेवतो.

येताना हे गाडी चालवत होते, चारही काचा खाली. रेवदंड्याचा पूल ओलांडला. मग मी म्हटलं, इथेच काहीतरी बघू, महमूदचाचांसारखी रिक्षा चालवा, सानिया मोठी होतेय. ते म्हणाले, बघू. त्याच रात्री तिकडच्या जुन्या अरब सेठला फोन लावला. सेठ म्हणाला, जागा अजून रिकामी आहे. मी त्यांचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला होता. तीन दिवसांनी मीच काढून दिला.

मागच्या गुरुवारी पहाटे महमूदचाचांनी त्याच गाडीतून यांना विमानतळावर सोडलं. सानिया शाळेत गेली नाही. संध्याकाळी सहा वाजता फोन आला, पोचलो म्हणाले. व्हिसा दोन वर्षांचा आहे.